बाजूला काढलेला भाग

१९९७च्या दिवाळीच्या सुट्टीत नेवाशाच्या आमच्या कॉलेजची संगणकांची खोली मला मोकळी मिळाली. सहा संगणक, एकाच काळ्या केबलने जोडलेले. पहिला काम वाटायचा; बाकीचे आकडेमोड करून उत्तर त्याच्याकडे परत पाठवायचे. खिडकीतून उसाच्या ट्रकांची धूळ यायची, म्हणून यंत्रांवर माझ्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे टाकले होते.

मूळसंख्यांमधल्या अंतरांबद्दल माझं एक विधान होतं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते मोडणारी एकही संख्या नाही, एवढं तपासून झालं की प्रबंध पुण्याला जाणार होता. सुट्टी संपेपर्यंत गेला नाही, तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द.

जेवायला बसताना पहिला घास बाजूला काढायचा, हा माझा रोजचा नेम. काम वाटतानाही हात तसाच वळला. एक छोटा भाग कुणाच्याच नावावर न टाकता बाजूला ठेवला. तो शेवटी स्वतः करू, म्हटलं.

खोली झाडणाऱ्या छबूबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "यंत्रान्लाबी घास काढता व्हय, म्याडम? खानार कोन त्यो?"

भाऊबीजेच्या सकाळी पूजा उरकून आले, तर पाचही उत्तरं आली होती. मोडणारी संख्या नाही.

त्यांच्याखाली सहावं उत्तर होतं. बाजूला काढलेल्या भागाचं. तिथेही संख्या नाही. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

मी केबल चाचपत शेवटपर्यंत गेले. सहाव्या संगणकामागे ती संपत होती. तोंडावर धातूचं टोपण घट्ट बसलेलं. टोपण ओलं लागलं. भिंत कोरडी होती.

विभागप्रमुख रंगनाथ सर आले, त्यांनी संगणकाचा पडदा पाहिला. "झालं की मग, भागीरथीबाई! सही करा, पेढे काढा."

"सर, हे कुणी केलं ते मला माहीत नाही."

"तुमच्या देवानं केलं म्हणा. एवढी व्रतं करता, एक फळलं."

"देव माझ्या गणितात हात घालत नाही. मी न तपासलेल्या उत्तराखाली मी सही करणार नाही."

"नोंदणी जाईल हो."

"जाऊ दे."

माझा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

ते उत्तर मी पुसलं. पहिल्या संगणकाची केबल काढली आणि त्या एकट्यावर तो भाग चालवला. दुपारी संख्या सापडली. माझं विधान मोडणारी. कागदावर पुन्हा पडताळली. खरी होती.

डोळे भरून आले. पण विधान पडलं ते माझ्या हाताने.

सरांना बोलावून संख्या दाखवली. "अहो, पण त्या उत्तरात तर काही नव्हतं!" ते म्हणाले.

पुसलेलं उत्तर पडद्यावर परत आलं होतं. आता त्यात माझीच संख्या होती. तिच्याखाली दुसरी उमटली. मग तिसरी, मी ठरवलेल्या मर्यादेच्याही पलीकडची.

सरांनी केबल उचलली. ती सुटीच हातात आली.

ओळी वाढत होत्या.

"उतरवून घ्या, बाई," सर कुजबुजले. "यातून नवा प्रबंध उभा राहील."

"नाही. पुढची मी शोधीन."

पडद्याकडे पाठ करून मी कोरा कागद ओढला आणि आकडेमोड सुरू केली.

"बाई, ते थांबलंय."

मी लिहीत राहिले.

"आता तुमच्या कागदावरचे आकडे येतायत."

मी पेन कागदावरून उचललं.

"अजून एक आला," सर म्हणाले, आणि मी मनात धरलेला, अजून न लिहिलेला आकडा त्यांनी वाचून दाखवला.