यकृत जागच्या जागी

डॉक्टरबाईंनी मॅक घेतला तो काही हौसेनं नव्हे. जुना विंडोजचा कॉम्प्युटर अजून ठणठणीत होता. पण त्यांची लेक जाहिरातींची चित्रं करायची, आणि तिचं म्हणणं असं की, दिवसभर स्कॅन बघून डोळ्यांची वाट लावून घेणाऱ्या माणसाला निदान पडदा तरी चांगला हवा. तिनं इतकी भुणभुण लावली की शेवटी बाई कंटाळून हो म्हणाल्या. घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीसमोरच्या टेबलावर मॅक आला आणि जुनं यंत्र भिंतीकडच्या स्टुलावर गेलं.

बाई रेडिओलॉजिस्ट होत्या. लोकांच्या पोटांचे, छातींचे स्कॅन त्यांच्याकडे घरबसल्या येत. त्या ते बघत आणि कुठं काय बिघडलंय ते सांगत. बाईंनी बघितलंय म्हटल्यावर शहरातले सर्जन दुसऱ्या कुणाला विचारत नसत. बाईंना याचा अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत त्या पडत नसत.

तेव्हा एका कॉम्प्युटरपुढं हार मानायचा प्रश्नच नव्हता. तरी सुरुवातीला मॅकनं त्यांना रडकुंडीला आणलं. पडद्यावरची खिडकी बंद करायला हात सवयीनं उजव्या कोपऱ्यात जाई, तर तिथं काहीच नसे. बटणं डावीकडे, तीही लाल, पिवळी, हिरवी, खोकल्याच्या गोळ्यांसारखी. पान खाली न्यायला जावं तर ते वर पळे. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम मागं चालूच राही.

"अगं, याचं उजवं बटण कुठाय?" बाईंनी एकदा वैतागून विचारलं.

"नाहीये. दोन बोटांनी दाब," लेक म्हणाली.

"म्हणजे उजवं असं काही नाहीच?"

"आहे गं आई. फक्त दिसत नाही."

बाईंनी दातओठ खात सगळं शिकून घेतलं. हळूहळू बोटं रुळली, आणि मग त्याच बाई येणाऱ्याजाणाऱ्याला मॅकचं कौतुक ऐकवू लागल्या. जुन्या यंत्रातले सगळे स्कॅन त्यांनी स्वतः नव्यावर आणले आणि लेकीला मदतीला येऊसुद्धा दिलं नाही.

पण जीव गुंतला होता तो भलतीकडेच. धाकट्या भावाच्या किडनीत गाठ सापडली होती. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला बाईंनीच वाढवलं. आता त्याचे केस पिकले होते, तरी बाईंच्या लेखी तो अजून नाक पुसून द्यायच्याच वयाचा. त्याचा स्कॅन आला तेव्हा टेबलावर जुनाच कॉम्प्युटर होता. उजवी किडनी, वरचं टोक, लिंबाएवढी गाठ. बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला धरून रडल्या, तोंड धुतलं आणि मग भावाला फोन केला. गाठ किडनीच्या बाहेर पसरली नव्हती. ती किडनी काढून टाकली की माणूस बरा होतो आणि उरलेल्या एकीवर सगळा जन्म काढतो. उरलेली तेवढी चांगली हवी.

ऑपरेशन तोंडावर आलं तेव्हा एका सकाळी बाईंनी तो स्कॅन पुन्हा उघडला, या वेळी मॅकवर. मन भरावं म्हणून, एवढंच.

गाठ डावीकडे होती.

बाई घाबरल्या नाहीत. स्कॅनमधला माणूस आपल्याकडे तोंड करून असल्यासारखा दिसतो, म्हणजे त्याचं उजवं ते आपलं डावं. नवशिके इथं हटकून चुकतात. बाई कधीच चुकल्या नव्हत्या. मग चित्रच उलटं झालं असेल का? ते तपासायचा उपाय सोपा होता. चित्र उलटलं असेल तर पोटातलं सगळंच उलटायला हवं. त्यांनी यकृत बघितलं. यकृत उजवीकडे, जागच्या जागी. प्लीहा डावीकडे. जठर जिथं असतं तिथंच. सगळा संसार जागेवर होता. एकट्या गाठीनं घर बदललं होतं.

त्यांनी स्टुलावरचा जुना कॉम्प्युटर लावला. तो घरघरत सुरू झाला. तोच स्कॅन, तेच नाव, तीच तारीख. यकृत जागच्या जागी. गाठ उजवीकडे.

बाईंनी सर्जनला फोन लावला.

"कुठली किडनी काढताय?"

"डावी. का हो?"

"नक्की डावी?"

"बाई, तुमच्याच रिपोर्टात आहे. स्कॅन माझ्यासमोर उघडाच आहे. डावी." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

बाईंनी भावाला फोन केला. तो खो खो हसला. "ताई, तू पहिल्या दिवसापासून डावीच म्हणतेयस. तुझ्या मशीनची बटणं इकडची तिकडं झाली, म्हणून आता माझ्या किडन्याही हलवायला निघालीस की काय!"

बाईही हसल्या. पण स्वतःच्या तोंडानं उजवी म्हणाल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. त्या दोन किडन्यांपैकी एक उद्या-परवा टोपलीत जाणार होती. चुकीची गेली तर धाकट्याजवळ फक्त रोगट तेवढी उरणार होती.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, म्हणून लेकीनं त्याला रीस्टार्टराव नाव ठेवलं होतं. गडी मोठा बोलका. आल्याआल्या त्यानं मॅकवर थाप मारली, जुन्याला 'काय आजोबा' म्हणाला, दोन्ही यंत्रं उलटीपालटी तपासली आणि दोन्ही फायली एकमेकींशी ताडून बघितल्या.

"बाई, यंत्रात काही खोट नाही. इथंही नाही, तिथंही नाही. आणि फाइल एकच आहे. एका ठिपक्याचाही फरक नाही."

"मग हे बघ," बाई म्हणाल्या. त्यांनी मॅकवरच्या गाठीवर बोट ठेवलं. मग जुन्यावरच्या.

रीस्टार्टरावानं एका पडद्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मग पुन्हा पहिल्याकडे.

"मला यातलं कळत नाही हो," तो शेवटी म्हणाला आणि आपली बॅग आवरू लागला. चहा समोर तसाच राहिला. दारापर्यंत बाई त्याच्यामागं गेल्या. आता रीस्टार्ट करा म्हणेल, याची त्या वाट बघत होत्या. तो म्हणाला नाही.

बाईंनी मोबाइल काढून जुन्या पडद्याचा फोटो घेतला. सर्जनला दाखवायला पुरावा हवा होता. फोटो उघडून बघितला, तर त्यात गाठ डावीकडे होती. समोर पडद्यावर उजवीकडे आणि हातातल्या फोटोत डावीकडे.

आता मात्र त्या चिडल्या. भीतीपेक्षा त्यांना रागच आधी यायचा आणि राग आला की डोकं चांगलं चालायचं. पडद्यांशी काय हुज्जत घालायची? पोट उघडण्याआधी पोटालाच विचारावं. त्यांनी भावाला ओळखीच्या सोनोग्राफी सेंटरवर बोलावून घेतलं, तिथल्या मुलीला बाहेर बसवलं आणि यंत्राचा ताबा स्वतः घेतला.

"आधी उजवी कूस," त्या म्हणाल्या.

"जेल बर्फासारखं आहे गं."

"गप्प पड. श्वास आत घे. धरून ठेव."

उजवी किडनी पडद्यावर आली. राजम्याच्या दाण्यासारखी नितळ, कुठं डाग नाही. बाईंनी ती उभी बघितली, आडवी बघितली, त्याला कुशीवर वळवून पुन्हा बघितली. मग डावीकडे गेल्या. गाठ तिथं होती. वरच्या टोकाला, लिंबाएवढी.

बाईंनी मोठा श्वास सोडला. भावाच्या पोटातली गाठ बघून हायसं वाटलेली जगातली ही पहिलीच बहीण असावी.

"ताई, मग कुठली?"

"डावी," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी जुन्या कॉम्प्युटरची वायर ओढून काढली. आपल्या डोक्यात काहीतरी गफलत झाली, असं त्यांनी स्वतःशी कबूल केलं. हे कबूल करणं त्यांना जड गेलं, पण हाताखाली लागलेली गाठ खोटी म्हणता येत नव्हती. त्यांनी हात ठेवून खात्री केली होती. याउपर शंका घेणं म्हणजे धंदा सोडून देण्यासारखंच होतं.

ऑपरेशन छान झालं. डावी किडनी निघाली. सर्जन टोपी काढतच बाहेर आला आणि भावजय बाईंच्या गळ्यात पडून रडली. प्रयोगशाळेनं कळवलं की गाठ संपूर्ण निघाली आहे, कडा साफ आहेत. धाकटा आठवडाभरात दवाखान्यातल्या जेवणाला नावं ठेवू लागला, तेव्हा बाईंची पुरती खात्री पटली की तो वाचला.

बाई पुन्हा पूर्वीच्या बाई झाल्या. मॅकवर बोटं सराईतपणे फिरत. खिडकी बंद करायला हात आपसूक डावीकडे जाई. कधी दुसऱ्याच्या विंडोजवर बसायची पाळी आली तर तिथं चुकायला होई, आणि याची त्यांना गंमत वाटे.

एका रविवारी दुपारी धाकटा आणि भावजय जेवायला आले. जेवणं झाली. लेक, मामा आणि मामी बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसली. बाईंनी जुना कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचं ठरवलं होतं, आणि देण्याआधी पेशंटांचं सगळं पुसायला हवं होतं. रीस्टार्टरावाला त्यांनी फोन केला होता. तो म्हणाला, सोपं आहे, तुम्हीच करा. यायला मात्र तयार झाला नाही.

बाईंनी वायर लावली. यंत्र घरघरलं.

एकेक फाइल पुसत त्या धाकट्याच्या नावापाशी आल्या. थांबायचं कारण नव्हतं. त्या थांबल्या.

त्यांनी स्कॅन उघडला.

तारीख तीच, ऑपरेशनच्या कितीतरी आधीची. यकृत जागच्या जागी. प्लीहा जागच्या जागी.

डावी किडनी नव्हती.

तिच्या रिकाम्या जागेत आतडी सरकून आली होती, ऑपरेशननंतर येतात तशी. रक्तवाहिनी जिथं बांधतात तिथं सर्जनच्या बारीक धातूच्या क्लिपा पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. बाईंनी त्या एकदा मोजल्या आणि पुन्हा मोजल्या नाहीत.

मग त्यांनी उजवीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण आयुष्यभराची सवय.

गाठ उजवीकडे होती. लिंबाएवढी नव्हती. वाढली होती.

बाहेर धाकटा काहीतरी रंगवून सांगत होता आणि सगळी हसत होती. बाईंना त्याचं हसणं सगळ्यांत वरचढ ऐकू येत होतं. मग ते मध्येच तुटलं.

"काय झालं हो?" भावजयीनं विचारलं.

"काही नाही. जरा कळ आली."

"टाके ओढत असतील."



"नाही गं," तो म्हणाला. "टाके डावीकडे आहेत."