राणीचा उपास

"प्रतीक, तिचं डोकं तुझ्याकडं घे! सगळी लाळ माझ्या ओढणीवर गळून राहिली!"

मोनाली ओरडली, पण राणी हलेल तर शपथ! वासराएवढी थोराड ग्रेट डेन कुत्री ती. जीपची मागची सीट तिनंच बळकावली होती. पुढे आबाजी, इंदूकाकू आणि गाडी चालवणारे गुणवंताकाका. दिवाळीच्या सुट्टीतली ही वरात पांढुर्ण्याहून सौंसरला निघाली होती, राणीच्या ऑपरेशनला!

गेल्या साली राणीची आई पोटाला पीळ पडून तडफडून गेली. तसं राणीचं होऊ नये, म्हणून डॉक्टर हिमानी दुर्बिणीतून तिचं जठर आतून टाके घालून जागेवर पक्कं करणार होत्या. त्याच भुलीत पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही. त्यांनी आबाजींना फोनवर दहादा बजावलं होतं, "रात्रीपासून पोटात कण नको. भुलीत उलटी झाली, तर अन्न फुप्फुसात जाऊन जीव जाईल."

लाळ पुसता पुसता मोनाली थबकली. राणीच्या मिशांना पांढरं काहीतरी लागलं होतं. तिनं वास घेतला. आंबट!

"अरे, हे तर दही!"

"बापरे! कोणी चारलं?" प्रतीकचे डोळे विस्फारले. जीपच्या घरघरीत पुढे कोणाला ऐकूच गेलं नाही.

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर काकांनी ठोकून दिलं, "एकदम उपाशी आहे!"

"पण काका, तिनं दही..." डॉक्टर आत वळताच मोनाली म्हणाली.

"चूप! मोठ्यांमध्ये बोलू नये."

आबाजी आणि काकूंनीही काकांच्या बाजूनं माना डोलावल्या. आत भुलीचं इंजेक्शन भरणं सुरू झालं.  आता सरळ विचारून कोण कबूल होणार? मोनालीनं मुद्दाम कपाळावर हात मारला.

"आबाजी, घात झाला! एवढ्या मोठ्या कामाले निघालो, अन् राणीले दही-साखर कोणीच नाही दिली!"

"काऊन नाही?" आबाजी उसळले. "मी दिली ना, सगळ्यांच्या आधी!"

"मले वाटलं तुम्ही विसरले, बाबा," काकू म्हणाल्या. "मी पण वाटीभर दिली."

काकांनी कान खाजवला. "मी तर दह्यात दोन पोळ्या कुस्करून..."

"उपाशी कसली, ही तर पंगत झोडून आली आहे!" दारातून डॉक्टर कडाडल्या. "आज ऑपरेशन नाही! उद्या सकाळी. आणि तोवर ती मोनालीच्या ताब्यात!"

"दही-साखरेनं काय होते, डॉक्टर? ते तं शुभ..." बोलता बोलता आबाजींना फोनवरचं बजावणं आठवलं. ते मटकन बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी नखाएवढ्या तीन छिद्रांतून सगळं काम झालं. संध्याकाळी राणी झोकांड्या खात उठली, तेव्हा प्रतीकनं टाळ्यांचा कडकडाट केला.

"इतके पेशंट पाहिले, पण असा चलाख पहारेकरी नाही पाहिला!" डॉक्टर हिमानी हसल्या.

काका ओशाळले. "अन् मी तिलेच चूप करून राहिलो होतो!"

आबाजींनी मोनालीचे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी, मायेनं चारता चारता मी माझ्याच हातानं मारलं असतं तिले. तू होती म्हणून वाचली."

 मोनालीनं राणीच्या मानेला मिठी मारली आणि खुशाल रडून घेतलं.