मधलं गवत

पाहणी अधिकारी मेलेला सापडला तो कुरणाच्या मधोमध, उभ्या गवताच्या एका पुंजक्यात. भोवतालचं सगळं गवत कापून आडवं पडलं होतं. पुंजक्याच्या कडेला सशाची दोन पिल्लं होती, यंत्राच्या पात्याखाली आलेली. वर एक चंडोल घिरट्या घालत होता. गवतातल्या घरट्यात उतरायला त्याला जागाच उरली नव्हती.

कंपाउंडरांनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्या शेजारीण मास्तरीणबाई निवृत्तीनंतर गुन्हे उकलायच्या नादी लागल्या, आणि त्यांच्या मागे हेही फरफटत आले. औषधांची नावं सोडली तर त्यांच्या ज्ञानाचा बाकी सगळा आनंदच होता.

"ह्यांनी खून कबूल केलाय," कुरणाच्या मालक शेतकऱ्याची बायको म्हणाली. "उद्या कोर्टात नेणार. पण ते खोटं बोलतायत, बाई. काल संध्याकाळी बाहेरून आले, भावोजींशी काहीतरी बोलले आणि घरातूनच चौकीत गेले. ते आत गेले तर मी संपले."

"भांडण कशावरून?"

"चंडोलांची पिल्लं उडेपर्यंत गवत कापायचं नाही, त्याचं सरकार अनुदान देतं. आधी कापलं की करार मोडतो. गोदामवाले जमिनीच्या मागे आहेत, पण करार असेतो विकता येत नाही. हे कशाला मोडतील? अनुदानासाठी सुरू केलं आणि पाखरांचं वेडच लागलं त्यांना."

चौकीत शेतकरी मान खाली घालून बसला होता.

"मीच कापलं. साहेब तंबी द्यायला लागले, डोकं फिरलं, पान्हा हाणला."

"कापायला सुरुवात कुठून केलीत?"

"मधून. नेहमी मधूनच करतो."

कंपाउंडरांना वाटलं, बाई आता शेतीही शिकणार.

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं आडपडदा ठेवला नाही. "साहेबानं माझं अनुदान अडवलं होतं. राग होताच. पण माझंही कुरण योजनेतच आहे. मधून कापत बाहेर आलं की ससे, पाखरं बांधाकडे पळतात. पाहणीत तेच बघतात. आता हाताला दुसरं वळणच नाही."

धाकटा भाऊ ओसरीवर नखं कुरतडत बसला होता. बरीच वर्षं शहरात काढून नुकताच परतलेला, जमिनीत अर्धा वाटा असलेला.

"मी झोपलो होतो. दादानं असं करायला नको होतं."

"तुम्हाला येतं का हो गवत कापायला?"

"त्यात काय? बांधापासून गोल गोल आत यायचं, मधलं शेवटी. लहानपणी दादानंच शिकवलंय."

बाई उठून पुन्हा कुरणाकडे निघाल्या. कंपाउंडरांनी पुन्हा रुमाल काढला.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना चौकीत बोलावलं.

"मधून कापलं असतं तर मधलं गवत पहिलं आडवं झालं असतं," त्या म्हणाल्या. "इथे तेच उभं आहे. कापणारा बांधापासून आत येत होता. सशांनाही त्यानं आतच कोंडलं. शेवटचा तुकडा उरला असताना साहेब आले. त्यांना मारून त्याच गवतात लपवलं. योजना आल्यापासून इथे कुणी असं कापत नाही. ही रीत बदलली हे फक्त एकाला ठाऊक नव्हतं, कारण तो इथे नव्हता. करार मोडून जमीन विकायची घाईही त्यालाच होती."

धाकट्यानं दाराकडे पाहिलं. दारात फौजदार उभे होते.

"आणि दादा, तुम्ही कुरण पाहिलंसुद्धा नाहीत. घरी यानं सांगितलं आणि तुम्ही थेट इथे आलात. म्हणून तर 'मधून' म्हणालात."

"आई गेल्यावर माझ्या ताटात जेवून मोठा झालाय तो." शेतकरी म्हणाला. "सशालासुद्धा पळायला वाट ठेवतो, बाई. ह्याला नको ठेवायला?"

त्याची बायको इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती.

"आणि मला?" ती म्हणाली. "मला कुठली वाट ठेवली होतीत?"

शेतकरी तिच्याकडे वळला. फौजदारांनी त्याच्या हातातल्या बेड्या काढल्या आणि धाकट्याला घातल्या.