राणीच्या फणीचे अकरा दाते

जुन्या राजधानीच्या त्या राजवाड्यात दुपारी सव्वातीन वाजता राणीच्या महालातील काचपेटी रिकामी आढळली, आणि साडेतीन वाजता चोर सापडल्याचेही जाहीर झाले. चोर म्हणजे त्याच महालाची पहारेकरीण. पोलीस पाच वाजता येणार होते.

त्या समयी खासगी गुप्तहेर दाजी अंगणातील बाकावर दुखरा गुडघा चोळीत बसले होते. राजधानी पाहण्याचा बेत त्यांच्या मेहुण्याचा. दाजी जिना चढण्यास धजले नाहीत, म्हणून मेहुणा एकटाच वर जाऊन आला होता, आणि आला तो फुगलेल्या गालांनीच.

"सगळी पायपीट फुकट, दाजी! प्रत्येकाच्या कानात माहिती सांगणारा हेडफोन, आणि माझाच मुका! कुठे पलंग, कुठे आरसा, कुठे काचेखाली नुसती लाल गादी. तिच्यावर राणी बसायची की राणीचं मांजर, कुणी सांगेल तर कळेल ना!"

इतक्यात संग्रहालयाचे अधिकारी घामाघूम होऊन आले व त्यांनी पर्यटकांना फाटकाशी थांबविले. दाजींनी आपला परिचय दिला.

"शोधायचं काही उरलं नाही हो," अधिकारी म्हणाले. "हस्तिदंती फणी तीन वाजेपर्यंत जागेवर होती. पर्यटकांनी पाहिली. तीननंतर महालात ती बाई एकटी. किल्ल्या तीन. माझी माझ्या खिशात, आणि मी सकाळपासून पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. दुसरी तळघरातल्या दुरुस्तीकाराकडे. तिसरी हिच्याकडे, काच पुसण्यासाठी."

"ती काय म्हणते?"

"हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही."

दाजींनी प्रथम पर्यटकांना विचारले. एका निवृत्त शिक्षिकेने चष्मा सावरून सांगितले, "अकरा दाते, वर मोरांची जोडी. मी सगळं नीट बघते, उगीच नाही तीस वर्षं वह्या तपासल्या."

शेजारी एक नवे जोडपे होते. नवरा म्हणाला, "अकरा दाते. मोर."

"इश्श! हे सारखे माझ्याकडेच बघत होते," बायको हसली. "पण दाते अकराच हं."

जिन्याच्या पायथ्याशी दाजी व मेहुणा यांनी बुटांवर पिवळ्या कापडी पिशव्या चढविल्या. वरच्या लाकडी जमिनीस ओरखडे पडू नयेत, म्हणून वर जाणाऱ्यास त्या घालाव्या लागत आणि उतरताच टोपलीत टाकाव्या लागत.

पहारेकरीण दाराशी ताठ उभी होती.

"बाई, आज काच पुसलीत?"

"रोज पुसते. दार उघडायच्या आधी."

"घरी कोण असतं?"

"मामंजी आणि मी. दोघंच." तिचा स्वर हलला. "ते इथेच तळघरात दुरुस्तीचं काम करतात. त्यांना यातलं काही सांगू नका. जिवाला लावून घेतील."

काचपेटीपासून आठ हातांवर दोर बांधलेला होता. दाजी दोराशी थांबले. "मेहुणे, पेटीच्या कडेचे खिळे मोजा पाहू."

"दाजी, इथून पेटी दिसतेय हेच नशीब समजा!"

तळघरात वृद्ध दुरुस्तीकार टेबलावर ओणवा होऊन जुना पडदा शिवीत होता.

"आज वर गेला होतात?"

"छे! सकाळपासून जागचा हललो नाही."

"राणीची फणी सापडत नाही म्हणतात."

म्हाताऱ्याच्या हातून सुई निसटली. ती त्याच्या समोरच पडली होती, तरी त्याची बोटे टेबलभर चाचपडत राहिली. टेबलाखाली त्याचे पिवळे पाय एकमेकांवर घासत होते. मेहुण्याने कनवाळूपणे सुई उचलून त्याच्या हाती दिली.

पावणेपाच वाजता दाजींनी सर्वांना महालात एकत्र केले. दुरुस्तीकार सर्वांत शेवटी, भिंतीच्या आधाराने आला.

दाजी शांतपणे बोलू लागले. "ही फणी तीन वाजता गेलेली नाही. आज ती कुणीच पाहिलेली नाही."

"आम्ही काय खोटं बोलतो?" शिक्षिका कडाडली.

"नाही, बाई. आठ हातांवरून दाते मोजता येत नाहीत. मग तिघांच्या तोंडी एकच आकडा कसा? हेडफोनने तो सांगितला, आणि कानांनी ऐकलेलं डोळ्यांनी पाहिलंसं वाटलं. इथे एकाच गृहस्थाला काही ऐकू आलं नाही. म्हणून त्याने जे होतं तेवढंच पाहिलं. नुसती लाल गादी."

कोण बुवा हा हुशार गृहस्थ, म्हणून मेहुणा आदराने मागे वळून पाहू लागला.

"मेहुणे, तुम्हीच ते! म्हणजे दार उघडण्यापूर्वीच पेटी रिकामी होती. काच पुसणाऱ्या बाईंना ते सकाळीच दिसलं असणार, तरी त्या गप्प राहिल्या. स्वतः चोरी केली असती, तर हेडफोनमुळे मिळालेली साक्ष पुढे करून त्यांनी पर्यटकांवर ढकललं असतं. त्या कुणाला तरी पाठीशी घालत होत्या. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे, ते म्हणतात की आज वर गेलोच नाही. मग तळघरात त्यांच्या पायांत पिवळ्या पिशव्या कशा? घाईने उतरताना त्या काढायच्या राहून गेल्या."

म्हाताऱ्याचे लक्ष त्या बोलण्याकडे नव्हते. तो पहारेकरणीच्या दिशेने मान वळवून उभा होता. "सूनबाईला धरलंय? मला कुणी सांगितलं का नाही?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून कापसाची गुंडाळी काढली. आत फणी होती.

"साहेब, पहाटे साफ करताना एक दाता सुटला. मला दिसलाही नाही, बोटांना लागला. खळ वाळली की संध्याकाळी परत ठेवणार होतो. माझे डोळे गेलेत हे कळलं, तर तुम्ही मला घरी बसवाल. मी खोटं बोललो. पोलिसांना सांगायचं ते माझ्याबद्दल सांगा."

अधिकाऱ्यांनी फणी उजेडात धरली. सांधा कोठे आहे, हे त्यांना शोधूनही सापडेना. "काम बेमालूम आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "पण न दिसणाऱ्याच्या हाती मी राजवाड्याच्या वस्तू कशा देऊ?"

तेव्हा पहारेकरीण प्रथमच पुढे आली. "हात शाबूत आहेत, साहेब. वर्षभर घरी सुई मीच ओवून देते. रंग मीच सांगते. चूक झाली ती त्यांनी एकट्याने केलं म्हणून."

अधिकाऱ्यांनी फणी पुन्हा लाल गादीवर ठेवून पेटीला कुलूप लावले. मग त्यांनी दूरध्वनी करून पोलिसांना येऊ नका असे कळविले.

"या दारावर उद्यापासून मी दुसरी पहारेकरीण नेमतो," ते म्हणाले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो बाई, दाराशी ते जे स्टूल आहे, ते आता तळघरात न्या. दोघांना बसायला लागेल."

तिने स्टूल उचलले. दुसरी बाजू धरण्यासाठी सासऱ्याने हात पुढे केला. तो वीतभर बाजूला पडला. तिने स्टूल त्या हाताखाली सरकविले.