सातव्या खाटेच्या दोन गोळ्या

सन एकोणीसशे ब्याण्णव. थंडी सरत आली होती, पण ऊन अजून तापत नव्हतं. इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात कंपाउंडर सकाळी आठच्या गोळ्या वाटत होता. तीस वर्षांत त्याची वेळ कधी चुकली नव्हती. सगळे त्याला ‘घड्याळ’ म्हणत. त्याला ते आवडायचं.

त्या दिवशी चौथ्या खाटेवर फेफऱ्याचा नवा रोगी आला, आणि औषधांचं कोठार दोन दिवस बंद. अशा वेळी वॉर्डाची एक रीत होती. एखाद्या दुसऱ्या खाटेच्या खणातून गोळी उसनी घ्यायची, मग परत ठेवायची. कागदावर काही नाही. सातव्या खाटेवरच्या शिंप्याला तीच गोळी होती, रोज एक. खणात दोनच उरल्या होत्या.

“घ्या की घड्याळराव,” शिंपी जांभई देत म्हणाला. “या गोळीनं दिवसभर झोप येते. परवा बोटात सुई गेली, तरी कळलं नाही. पण आजच परत ठेवा हं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, एक दिवसही चुकवायची नाही.”

कंपाउंडरने दोन्ही उचलल्या. “मला शिकवू नकोस. माझी पोर बारा वर्षं हीच गोळी खाते. संध्याकाळी दुकानातून आणून ठेवतो.”

संध्याकाळी पाय दुखत होते आणि दुकान लांब होतं. महिनाभर या माणसाला झटका नाही, एकदोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. नोंदवहीत मात्र त्याने दोन्ही दिवस सातव्या खाटेपुढे ‘दिली’ लिहिलं. घड्याळाची चूक दिसता कामा नये.

तिसऱ्या दिवशी शिंप्याला झटका आला, तो थांबलाच नाही. दुपारी खाट रिकामी झाली. वहीत गोळ्या ‘दिलेल्या’ होत्या. कुणी काही विचारलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी कंपाउंडरची मुलगी आपल्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. “अप्पा, यात दोन गोळ्याच नाहीत.”

त्याने पाकीट उजेडात धरलं. मागचा चांदीचा कागद कुठेच फाटलेला नव्हता. रिकाम्या दोन घरांवर फक्त सुईच्या टोकाएवढी भोकं होती. शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला.

दुसऱ्या दिवशी उरलेली आठही घरं रिकामी. त्याने धावत जाऊन नवं पाकीट आणलं. त्याच्या मुठीतच ते हलकं झालं. दहाही घरं रिकामी.

“आजची चुकली तर उद्या दोन देऊ,” बायको म्हणाली.

“वेडी आहेस? एकदम दोन दिल्या तर पोर उठायची नाही!”

मुलगी भिंतीला टेकली. तिचा अंगठा थरथरत होता. “अप्पा… बोटात सुई टोचतेय… ते काका म्हणतात, घड्याळ मागं पडलंय…”

“कुठले काका?”

“हे काय… तुमच्या मागे उभे आहेत…”

त्याने मागे पाहिलं नाही. तसाच इस्पितळात पळाला. कोठारातून दोन गोळ्या घेतल्या, सातव्या खाटेच्या खणात ठेवल्या आणि खण लावला. खण आपोआप उघडला. गोळ्या घरंगळत जमिनीवर आल्या, त्याच्या चपलेपाशी थांबल्या. पुन्हा ठेवल्या. पुन्हा तेच.

मग त्याला कळलं. त्याने नोंदवही काढली. दोन्ही ‘दिली’ खोडलं आणि लिहिलं: दिली नाही. मी घेतली, परत केली नाही. खाली सही. वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

बाईंनी दोनदा वाचलं. “अहो… हे काय लिहिलंत? तुमची नोकरी जाईल.”

“खरं आहे ते लिहिलं.”

तो वॉर्डात परतला आणि त्याने गोळ्या उचलून खणात ठेवल्या. या वेळी खण मिटलेला राहिला. त्याने हळूच उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. रिकाम्या खाटेशेजारी पाण्याचा पेला होता, अर्धा प्यालेला. काठ ओला होता.

तो घरी आला. मुलगी भिंतीला तशीच टेकून होती, अंगठा शांत होता. पाकिटात दहा गोळ्या होत्या, चांदी कोरी करकरीत. त्याने एक फोडली, तिच्या तळहातावर ठेवली आणि पाणी दिलं.