आईच्या गाठीचे चार जादा काप

हसायचं तर हसा. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

मे २००९. शुक्रवार, भर दुपार. चंद्रपुरातली एक छोटी लॅब. मी राजदीप, तिथला टेक्निशियन.

माझ्या आईच्या, बायनाबाईच्या, फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती. तिचा काढलेला तुकडा आम्ही मेणाच्या वडीत जपून ठेवला होता. त्याचे पातळ काप हैदराबादला जाणार होते. तिथे एकच जीन तपासणार. त्यात बदल सापडला तर गोळी.

नाही तर... काहीच नाही.

दहा काप हवे होते. तुकडा सहामध्येच संपला. मी रडकुंडीला आलो. खोलीला कुलूप लावून हैदराबादला फोन केला. ते म्हणाले, दहाच पाहिजेत.

परत आलो, तर आतून आवाज...

खर्रर... खर्रर...

काप काढायच्या मशीनचं चाक. हाताने फिरवायचं.

चावी माझ्या खिशात होती.

दार उघडलं. कोणी नाही. ट्रेमधल्या पाण्यावर चार ताजे काप तरंगत होते. ते पाणी विजेवर तापतं. लाइट सकाळपासून गेलेली, तरी पाण्याला वाफ...

वाटलं, वडीत उरल्यासुरल्यातून गफ्फारभाईंनी काढले असतील. ते सीनियर, दुसरी चावी त्यांच्याकडे. मी न विचारता चारही काप आईच्या कापांत घातले. चुकलंच माझं.

बदल सापडला. गोळी सुरू झाली. मी पेढे घेऊन गफ्फारभाईंकडे गेलो.

"भाऊ, तुमच्या चार कापांनी माही माय वाचली."

त्यांनी पेढा खाली ठेवला. "कोनते काप? मी त जुम्म्याच्या नमाजले गेलतो."

मी हैदराबादला फोन करून नमुना पुन्हा तपासायला लावला. ते म्हणाले,

"नमुन्यात दोन बायकांचं मांस आहे. बदल एकीतच आहे."

कोणत्या बाईत, ते त्यांना सांगता येईना. मग आईच्या छातीतलं पाणी काढून तपासलं.

आईत बदल नव्हता...

म्हणजे ही गोळी तिला लागूच पडायला नको. पण एक्स-रेमध्ये गाठ अर्धी झाली होती. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तेव्हापासून आई गोळी गिळते आणि मी तिच्याकडे संशयाने बघत बसतो. स्वतःच्या आईकडे!

काल गोळी द्यायला उशीर झाला. आईने हात पुढे केला.

"दे ना लवकर."

"काऊन आई, तुले तरास होऊन राह्यला?"

"मले नाई रे..." आई म्हणाली. "तिले दम लागून राह्यला."

कोणाला, ते मी विचारलं नाही. गोळी तिच्या हातावर ठेवली.