उसना खोकला

त्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले होते ती मासळी आणायला. सरकारचे तीन डॉक्टर माझ्याकडे जेवायला होते. या डोंगरात ताजी मासळी हवी तर कोलंबोची गाडी लागल्याबरोबर टोपलीवर झडप घालावी लागते. नाहीतर दुपारी जे उरतं ते मांजरही हुंगून सोडतं.

माझं हे घर तेव्हाही असंच होतं. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो गेल्यावर मी खोल्या भाड्यानं द्यायला लागले. आम्ही बर्गर लोक, म्हणजे जुन्या डच लोकांचे इथल्या बायकांशी झालेले वंशज. गोऱ्यांच्या लेखी पुरते गोरे नाही, मळ्यावरच्या तमिळांच्या लेखी पुरते काळे नाही. म्हणून दोघंही आमच्यासमोर मोकळं बोलतात, जसं काही आम्ही घरातलं कपाटच.

मागच्या खोलीत डॉक्टर क्रॉम्बी राहायचा. चहामळ्यांचा सरकारी डॉक्टर. डॉक्टर कसला मेला! दर बुधवारी मळ्यावर जायचा, कचेरीपुढं खुर्ची टाकून बसायचा, नाकाला रुमाल. आजारी मजूर रांगेनं उभे. हा काठीच्या टोकानं हनुवटी वर करायचा, जीभ बघायचा आणि म्हणायचा, "कामावर." झाली तपासणी. नाडीला हात लावल्याचं कुणी पाहिलं नाही.

आता याला पेन्शन हवी होती. नोकरीची वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता, पण वैद्यकीय मंडळानं 'हा माणूस कायमचा निकामी' असं ठरवलं तर आजच घरी जायची सोय होती. स्कॉटलंडात समुद्रकाठी घर बघून ठेवलं होतं म्हणे. आणि अंगात रोग नावाला नाही. रोज सहा अंडी खाणारा माणूस.

एकदा सकाळी आप्पे खाता खाता मला म्हणाला, "मिसेस यान्स, जरा ऐका."

आणि खोकला. आधी दोनदा कोरडा, मग आत कापड फाटल्यासारखा, शेवटी बारीक शिट्टी.

"कसा आहे?"

"किळसवाणा," मी म्हटलं.

"छान. मळ्यावर मुत्तायी नावाची बाई होती, तिचा उचललाय. पंधरा दिवस घोटतोय."

"आणि ती बरी झाली का?"

"ती? ती मेली. मुरंबा द्या इकडे."

स्वयंपाकघरात माझी सेल्लम्मा आप्पे काढत होती. मळ्याच्या चाळीत वाढलेली बाई. मी आत गेले तर ही भिंतीला टेकून उभी, उलथनं हातात.

"अम्मा, हा आमच्या मुत्तायीचा खोकला."

"ठाऊक आहे. तो नक्कल करतोय."

"तोंडातून लाल पडत होतं तिच्या. याच्यासमोर रांगेत उभी होती. हा म्हणाला, पान खाल्लंय, कामावर. संध्याकाळी चहापाल्याची टोपली वजनकाट्यावर चढवताना तिथंच पडली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्यात मेलेल्याचं दुखणं कुणी करून दाखवत नाही, अम्मा. ज्याचं त्याला परत न्यायला यावं लागतं मग..."

मी तिला गप्प बस म्हटलं. मनातून मलाही ते पटत होतं. पण त्या माणसाला सांगायची सोय नव्हती. उलट दुसऱ्या दिवशी त्यानं सेल्लम्माकडूनच पान मागून घेतलं, चघळलं आणि पांढऱ्या रुमालावर पिंक टाकून रुमाल वाळत घातला. मंडळाला दाखवायला. अशी त्याची अक्कल.

त्यानंतरची गोष्ट. दुपारी धुकं अंगणात उतरलं होतं. क्रॉम्बी क्लबात पत्ते कुटत होता. मी जिन्याखाली चादरी मोजत होते आणि मागच्या खोलीतून खोकला आला. दोनदा कोरडा... मग तो फाटल्यासारखा... मग शिट्टी. मला वाटलं, आला असेल लवकर. दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. ओल्या चहापाल्याचा वास मात्र असा की नुकतीच कुणी भरली टोपली खाली ठेवली असावी.

"सेल्लम्मा," मी हाक मारली.

"ऐकलं मी," ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "तुम्ही बाहेर या, अम्मा."

तर मंडळाचा दिवस. सरकारी विश्रामगृहाचं छप्पर उतरवलेलं, म्हणून तिघे डॉक्टर माझ्याच दिवाणखान्यात बसले. मुख्य होता मेटलँड, पोट पुढं, टोपी डोक्यावर तशीच. बाकीचे दोघे त्याच्यापुढं माना डोलवायला आणलेले. मी शेजारच्या खोलीत ताटं मांडत होते, दार उघडं होतं.

क्रॉम्बी शर्ट काढून बसला आणि त्यानं खोकला लावला. काय सांगू, नाटकवाल्यांनी पगार दिला असता. मेटलँडनं नळी त्याच्या छातीला लावली.

"थांबा आता. श्वास घ्या."

क्रॉम्बी थांबला. खोकला थांबला नाही.

मेटलँड वैतागून मागं वळला. "त्या बाईला आधी बाहेर काढा. मला छाती ऐकू येत नाही."

"कोणत्या बाईला?" तरुण डॉक्टरानं विचारलं.

"पडद्याजवळची. मिसेस यान्स, तुमची मोलकरीण..."

"माझी मोलकरीण चुलीपाशी आहे," मी दारातून म्हटलं. पडद्याजवळ कुणी नव्हतं. खोकला मात्र होता, आणि आता तो क्रॉम्बीच्या खुर्चीच्या अगदी मागं आला होता. क्रॉम्बीचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं मागं पाहिलं नाही.

"मी... मी नाही करत हे," तो म्हणाला.

"तेच तर," मेटलँड म्हणाला. नळी पुन्हा लावली, ऐकलं, क्रॉम्बीनं दाखवायला आणलेला तो लाल रुमाल उलगडून नाकाशी नेला. "छाती घोड्यासारखी आहे. आणि हे पान आहे. लाज वाटायला हवी, क्रॉम्बी. पेन्शन नाही. उद्यापासून कामावर."

खोकला त्या शब्दाबरोबर बंद झाला. क्रॉम्बी उठला, काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि उभ्या उभ्याच ओठातून लाल धार लागली. छातीवर, पोटावर, माझ्या गालिच्यावर. आवाज अजिबात नाही. खोकायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण खोकला येईना. बिचारा म्हणाले का मी? तोंडातून गेलं.

मेटलँडनं पाऊल मागं घेतलं. "अजून पानच चघळतोय हा माणूस," तो म्हणाला.

क्रॉम्बी खुर्चीत बसला तो मेलेलाच. मग धावपळ झाली. पण निकाल कुणी बदलला नाही. कामाला लायक, असं ठरल्यावर मेला, म्हणजे नोकरीत मेला, म्हणजे पेन्शनचा प्रश्न मिटला. मेटलँडनं हात धुतले आणि मासळी निवेल म्हणून तिघे जेवायला बसले. मला वाढताना त्यांच्या हातांची शिसारी येत होती. दुसऱ्यांदा भात मागितला त्यांनी.

जेवण झाल्यावर मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. दुपारचे दोन वाजले असतील, लख्ख ऊन पडलं होतं. एक डॉक्टर ड्रायव्हरशेजारी बसला. तरुण होता तो मागे बसला. मेटलँडनं मागचं दुसरं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि आत पाहून थबकला.

माझ्या घरात दिवसभर न काढलेली टोपी त्यानं डोक्यावरून काढली. "माफ करा, बाई," असं पुटपुटला, दार हळूच लावलं आणि पुढं दोघांच्या मधे कसाबसा कोंबून बसला. गाडी वळली तेव्हा मला मागची काच दिसली. तो तरुण डॉक्टर एका कोपऱ्यात गुडघे आवळून बसला होता, आणि शेजारच्याला पुरेशी जागा व्हावी म्हणून अजून अजून दाराकडे सरकत होता.